शेवटच्या गाण्यातली दोन मिनिटं

रांझी, जबलपूर
३ नोव्हेंबर २०२५

प्रिय विनू,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकली असशील. कोणी गेलंबिलं नाही, सगळे ठणठणीत आहेत. फोन असताना पत्र काहून, तर क्षमा दिवाळीला भोपाळहून आली ती अजून इथेच आहे, आणि मी फोन कानाला लावला की माझ्या लेकीला नेमकं त्याच खोलीत काम निघतं. शिवाय जे लिहून राहिलो ते तोंडानं बोलवत नाही.

विंटरकाय हा बँड आठवतो ना तुला? जर्मनीचे पाच पोट्टे. सत्त्याऐंशीचा मे महिना, मी फॅक्टरीत अप्रेंटिस होतो. माझ्याबरोबर अप्रेंटिस असलेल्या अनुपमच्या जहाजावरच्या काकांनी हॅम्बुर्गहून त्याला ती कॅसेट आणून दिली होती आणि तो संध्याकाळच्या गाडीनं घरी चालला होता, म्हणून एका दिवसात उतरवून घ्यायची होती. मी माझा टेपरेकॉर्डर सायकलच्या कॅरिअरला बांधून चेरीतालला तुमच्या घरी आणला, तुझ्या बाबांच्या, म्हणजे मामांच्या टेपला वायर जोडली, इकडे प्ले, तिकडे रेकॉर्ड. तुला राखणीला बसवलं आणि ड्यूटीवर पळालो.

तेव्हापासून अडतीस वर्षं मी भेटेल त्याला सांगून राहिलो की असा अल्बम पुन्हा झाला नाही. हेवी मेटल म्हटलं की लोकांना वाटतं भांड्यांची मांडणी पडली. अरे, पण ह्यांच्या गाण्यांना चाल होती. दोन गिटारी जोडीनं चालायच्या, एक वर, एक खाली, एकमेकींचा हात न सोडता. गाणारा ओरडायचा नाही, सर्दी झालेल्या आवाजात मन लावून गायचा. 'सॉल्ट अँड थंडर' हा एकच अल्बम काढला, कोणी विचारलं नाही, बँड संपला. ज्यांनी नुसता धिंगाणा केला त्यांचे टी-शर्ट आजची पोरं घालून फिरतात, आणि ह्यांचं नाव कोणाला माहीत नाही. अन्याय आहे यार.

आणि त्यातलं शेवटचं, नववं गाणं. सगळा बँड जोरात चालू असतो आणि एकदम थांबतो. एक श्वास घेऊन होईल इतकी शांतता. मग एकटी गिटार, पूर्ण दोन मिनिटं. ना ड्रम, ना गाणं. स्वर घसरत घसरत वर जातो, तिथे थरथरतो, आणि अगदी शेवटी फार लांबून जहाजाचा भोंगा. एवढा बँड गप्प करून एकट्याला वाजवू द्यायला काय छाती लागत असेल, हे माझं भाषण तू शंभरदा ऐकलं आहेस.

आपली कॅसेट क्वार्टर सोडून ह्या घरात आलो तेव्हा हरवली. अल्बम पुढे कुठे मिळालाच नाही. ह्या वर्षी कोणा जर्मन माणसानं तो इंटरनेटवर टाकला आणि क्षमानं शोधून काढला. मी पाडव्याला तिला आणि जावयांना समोर बसवलं, पडदे ओढले, भाषण दिलं. नववं गाणं आलं. बँड थांबला नाही, विनू. गाता गाता आवाज हळूहळू बारीक होत गेला आणि संपलं. मी तीनदा लावलं. अंबरीशराव सभ्य माणूस, ते मोबाईल पाहू लागले. शेवटी कॅनडात अनुपमला फोन लावला. तो म्हणाला, "श्रीकांत, ऐसा कुछ था ही नहीं. मेरी कैसेट थी यार, मैं नहीं जानूँगा?"

हसण्यावारी नेलं असतं. पण मागच्या महिन्यात दोनदा गॅस चालू राहिला. बड्या फुहाऱ्याच्या बाजारात स्कूटर कुठे लावली ते आठवेना, तासभर हिंडलो. माझ्या अण्णांचं असंच सुरू झालं होतं. शेवटची सहा वर्षं ते मला पोस्टमन समजायचे, हे तू पाहिलं आहेस. क्षमानं पाच डिसेंबरला डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तिनं बोलणं काढलं आहे की घर बंद करा आणि भोपाळला चला.

डॉक्टर त्यांचं सांगतील. तू तुझं सांग. ती कॅसेट माझ्याइतकी फक्त तू ऐकली आहेस. ती दोन मिनिटं होती की नव्हती?

तुझा
श्रीकांत


पुणे
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,

पत्र मिळालं. पोस्टमननं बेल वाजवून हातात दिलं, सोसायटीत मला भाव आला.

काय हे, एका गाण्यापायी एवढं? गॅस मीही विसरते. परवा दूध ठेवून शेजारी हळदीकुंकवाच्या गप्पा मारत बसले, पातेलं काळं ठिक्कर. देवदत्त चष्मा डोळ्यांवर ठेवून घरभर चष्मा शोधतात. साठी झाली की हे चालायचंच. बदाम भिजवून खा आणि दुपारी लोळत पडू नकोस.

गाण्यांचं म्हणशील तर मला आता नीट आठवत नाही रे. किती वर्षं झाली. तुम्ही पोरं तेव्हा एकामागून एक कॅसेटी उतरवून घ्यायचात, एकावर दुसरी, दुसरीवर तिसरी. दुसऱ्याच कोणाचं वाजवणं तुझ्या डोक्यात ह्या गाण्याला जोडलं गेलं असेल. होतं असं. नसेल आठवत तर नसू दे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. डॉक्टरांकडे जाऊन ये म्हणजे क्षमाच्याही जिवाला बरं वाटेल.

इकडे थंडी पडायला लागली. ह्यांचा गुडघा परत बोलतो आहे. तुझ्याकडचे मटार आले का? इथले मटार म्हणजे नुसतं नाव, गोडी नाही. क्षमाला आणि अंबरीशरावांना आशीर्वाद.

तुझी
विनता

ता. क. ते वाजवणं खरंच इतकं चांगलं होतं का रे?


रांझी, जबलपूर
१९ नोव्हेंबर २०२५

प्रिय विनू,

तुझं पत्र मिळालं. बरं झालं स्पष्ट लिहिलंस.

मला वाटत होतं की अनुपम विसरला असेल, तो जर्मन माणूस अर्धवट गाणं टाकून बसला असेल. सगळ्यांना चूक ठरवायची माझी तयारी होती. पण तुलाही आठवत नाही म्हटल्यावर आता कोणाला विचारू? शेवटची साक्षीदार तूच होतीस.

मी क्षमाला हो म्हटलं. स्कूटरची चावी त्याच दिवशी तिच्या हातात दिली. ती पदरात बांधून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. पोरीला वाटतं मला दिसत नाही. पाच तारखेला डॉक्टर, आणि पंधरापर्यंत घर भाड्यानं देऊन भोपाळ. फॅक्टरीतलाच एक जण यायला तयार आहे, त्याला दोन मुली आहेत. कॅसेटींचं खोकं त्याला देऊन टाकणार आहे. तिथे जागा नाही, आणि खरं म्हणजे आता ऐकायची भीती वाटते. एखादं गाणं लावीन आणि तेही माझ्या डोक्यातलं निघेल.

विसरण्याचं मला इतकं काही नाही गं. अण्णाही विसरले, सुखात होते, त्रास आम्हाला झाला. पण जे कधी नव्हतंच ते जन्मभर उराशी धरून बसलो, लोकांशी त्यावरून भांडलो, हे कसं मानून घ्यायचं? मग बाकीचं तरी कशावरून खरं? माझी राजश्री जाण्याआधी मला जे म्हणाली ते ती म्हणाली होती, की तेही मीच बनवलं?

चांगलं होतं का, विचारतेस. राजश्री गेली त्या महिन्यात मी दुसरं काहीच ऐकलं नव्हतं. रोज ड्यूटीवरून येऊन तेवढी दोन मिनिटं लावायचो आणि मग स्वयंपाकाला उभा राहायचो. आता काय सांगू चांगलं होतं म्हणून.

फोन करू नकोस. बोलता येत नाही.

श्रीकांत


पुणे
२५ नोव्हेंबर २०२५

दादा,

तू नको म्हणालास तरी मी चार वेळा फोन केला. दोनदा तू उचलला नाहीस आणि दोनदा क्षमा म्हणाली बाबा जरा आडवे झालेत. म्हणून हे स्पीड पोस्टनं. उभ्यानं वाचत असशील तर आधी बस.

ती दोन मिनिटं होती. ती मी वाजवली आहेत.

आता पहिल्यापासून सांगते. तू ड्यूटीवर गेलास. मी पहिली बाजू उतरवली, दुसरी लावली. उतरवायच्या आधी कॅसेट एकदा पूर्ण ऐकली होती, कारण घरात कोणी नव्हतं आणि मला ती आवडली होती. नववं गाणं अर्ध्यावर आलं आणि लाइट गेली. मी वाट पाहत बसले. चार वाजता अनुपम दारात, सायकलवरून उतरलासुद्धा नाही, म्हणाला दीदी, गाडी सुटेल. मी कॅसेट देऊन टाकली. काय करणार होते? लाइट आली साडेपाचला. तू सातला येणार होतास. तू किती दिवस त्या कॅसेटीचं नाव जपत होतास ते मला माहीत होतं, आणि मी तुला शेवटाशिवायचं गाणं देणार होते.

मी टेप थोडी मागे घेतली. लाइट जाताना आवाज वाकडा झाला होता, तेवढा पुसला. मग माझी हवाईयन गिटार मांडीवर आडवी घेतली, तो छोटा ॲम्प्लिफायर लावला. त्याचा स्पीकर बाबांच्या खुर्चीखाली येऊन फाटला होता हे आठवतं? तेव्हापासून मोठ्यानं वाजवलं की तो गुरगुरायचा. त्या दिवशी मी मुद्दाम मोठा केला. बाबांच्या टेपला पुढे जाळीचा माइक होताच. रेकॉर्डचं बटण दाबलं, हात तारांवर आणेपर्यंत जो वेळ गेला ती तुझी शांतता. त्यात छातीबिती काही नव्हती.

गाण्याची चाल डोक्यात होती. तीच धरली आणि पुढे जाऊ दिली. बंगाली मिसनी मला सहा वर्षं भजनं आणि रविवारच्या कार्यक्रमाची गाणी शिकवली, पण त्या दोन मिनिटांत मी जे वाजवलं ते मला कोणी शिकवलं नव्हतं. नंतरही कधी तसं आलं नाही. आणि दादा, तो जहाजाचा भोंगा म्हणजे आमचा कुकर. आईनं डाळ लावली होती. पहिली शिट्टी झाली आणि मी घाबरून बटण बंद केलं.

मी तुला त्याच रात्री सांगणार होते, पण तू कॅसेट घेऊन लगेच निघालास. दुसऱ्या दिवशी सकाळीच परत आलास, डोळे लाल, म्हणालास विनू, ऐकलं का तू, हे माणूस नाही वाजवत, हे दुसरंच काहीतरी आहे. मी तोंड उघडणार तेवढ्यात तुझं लक्ष कोपऱ्यातल्या माझ्या गिटारकडे गेलं. तू म्हणालास, "तुझी ही मांडीवरची गिटार शाळेच्या प्रार्थनेला ठीक आहे, पण असं वाजवायला रक्तात लागतं." मग मी नाही सांगितलं. काहून सांगू? मनात म्हटलं, बस आता त्या जर्मनाच्या पाया पडत.

महिनाभर छळायचं आणि मग सांगायचं असं ठरवलं होतं. पण पुढे गंमत वेगळीच झाली. तू लोकांना धरून धरून ऐकवायचास आणि मी आतून ऐकायची. क्षमाच्या बारशाला तू तीस माणसांना गप्प बसवून नववं गाणं लावलंस. मी पंगतीत श्रीखंड वाढत होते. तुझे फॅक्टरीतले साहेब डोळे मिटून ऐकत होते, आणि म्हणाले, वाह, क्या हाथ है. ते भांडं माझ्या हातात होतं, दादा. तोपर्यंत माझी गिटार लग्नात कोणालातरी देऊन झाली होती, सासरी तिला जागा नव्हती. माझं कौतुक कोणी केलं तर तेवढंच, आणि तेही तूच करत होतास, जाशील तिथे, इतकी वर्षं. ते बंद पडावं असं मला वाटेना. मी तुझ्याकडून चोरून घेत राहिले.

आणि आता मागचं पत्र. त्याच्या आधी मी दोन पत्रं लिहून फाडली. एकदम खरं सांगितलं तर जावयांसमोर आणि अनुपमसमोर तुझं हसं होईल, असं मी स्वतःला सांगितलं. कुकरचा भोंगा. लोकांना जन्मभर पुरेल. वाटलं, आठवत नाही म्हटलं की विषय संपेल. विषय तुझ्यावरच संपेल हे मला कळलं नाही. तुझं दुसरं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडले. देवदत्तना सगळं सांगितलं. पस्तीस वर्षांत त्यांना पहिल्यांदा कळलं की मी काही वाजवायची.

तुझा विश्वास आता माझ्यावर बसणार नाही, बसूही नये. म्हणून पुरावा देते. मिसनी आम्हाला सरगमीतच शिकवलं होतं. ग, ध, नि कोमल धर. शांततेनंतर असं सुरू होतं: सा, ग, प, ध प, आणि मग प वरून घसरत वरच्या सांवर. तिथे थांबायचं, थरथरवायचं. मग सां नि ध प, म प ग, रे सा. तेच पुन्हा, पण दुसऱ्या वेळी ग वर न उतरता म वरच रेंगाळायचं. तू नेहमी तिथेच बोट वर करायचास आणि म्हणायचास, आता पाहा.

बाकीची सगळी पाठीमागच्या कागदावर लिहिली आहे. म्हणून पाहा, आणि माझं काय करायचं ते तू ठरव. फक्त घर भाड्यानं देऊ नकोस, तू ऐकलंस तेवढं सगळं खरं होतं. राजश्रीवहिनीही जे म्हणाली ते म्हणालीच असेल.

विनता


रांझी, जबलपूर
७ डिसेंबर २०२५

विनू,

आठ दिवस उत्तर दिलं नाही. रागावलो होतो. अजून आहे थोडा. अडतीस वर्षं तू मला एका जर्मनाचे गोडवे गाऊ दिलेस आणि समोर बसून श्रीखंड वाढलंस. नालायक आहेस.

पत्र मी फाटकापाशी उभ्यानंच वाचलं, तुझं ऐकलं नाही. मग अंगणात बसलो आणि तुझी सरगम म्हणायला लागलो. मला सरगमीत ओ की ठो कळत नाही, हे तुला ठाऊक आहे. पण पहिल्या चार अक्षरांनंतर कागद बघावाच लागला नाही. गळा आपला आपण पुढे गेला. म वर रेंगाळलो आणि बोट वर झालं ते माझ्या नंतर लक्षात आलं.

क्षमा मटार सोलत दारात बसली होती. ती म्हणाली, "बाबा, ही तर माझी अंगाई आहे."

मी म्हटलं कसली अंगाई. तर म्हणाली, आई दवाखान्यात होती तेव्हा तुम्ही मला थोपटताना हेच म्हणायचात, शब्द नव्हते त्याला, म्हणून मी कधी विचारलंच नाही. मग तिनंच पुढचं म्हणून दाखवलं, शेवटपर्यंत, कुकरसकट. ती शिट्टीसुद्धा मी तिला तोंडानं वाजवून दाखवायचो म्हणे. हे मला मुळीच आठवत नाही, विनू. पण तिला आठवतं. मी तिला तुझं पत्र वाचायला दिलं. ती वाचताना हसली आणि मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, कारण गेला महिनाभर तिला जे वाटत होतं ते ती मला बोलली नव्हती आणि मी तिला.

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाच शब्द सांगितले, मग आकडे उलटे मोजायला लावले, मग पाच शब्द परत विचारले. मी चार सांगितले. ते म्हणाले आत्ता काळजीचं नाही, पण वडिलांचं असं होतं, तर दर सहा महिन्यांनी या. म्हणजे आज नाही, पुढचं कोणी सांगावं. मी काही तुझ्यापासून लपवत नाही. भोपाळ रद्द. घर माझंच आहे. स्कूटरची चावी मात्र क्षमानं अजून दिली नाही, म्हणे सहा महिन्यांनी बघू.

काल संध्याकाळी मी नववं गाणं परत ऐकलं, इंटरनेटवरचं. चांगलं आहे. अल्बम मोठाच आहे, त्या माणसांवर अन्याय झाला हे माझं मत तेच आहे, कोणी काही म्हणो. पण शेवट त्यांना करता आला नाही. आवाज बारीक करत करत पळून गेले. एवढं चांगलं गाणं आणि शेवट करायची हिंमत नाही. तो शेवट चेरीतालला झाला, फाटक्या स्पीकरवर. अनुपमला मी फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "तो असली वाला हमारे पास था और मैं नक़ली लेकर चला गया?" पुढच्या वर्षी इकडे येणार म्हणतो, तुला भेटायला.

आणि त्या वाक्याचं. रक्तात लागतं वगैरे. ते मी बोललो असेन, बोललोच असेन, तेव्हा मला तेवढीच अक्कल होती. ते वाक्य मला आठवत नाही आणि तुला अडतीस वर्षं आठवतंय, ह्याची मला फार लाज वाटली. माफ कर. मी लोकांना जे जे सांगितलं, की हा हात जगात एकच आहे, कोणाला किंमत कळली नाही, मन भरून येतं, ते सगळं परत घे. सगळं तुझंच होतं, पत्ता चुकीचा होता.

आता ऐक. गिटार घे. मांडीवरचीच. देवदत्तरावांना सांग की मोठ्या भावाचा हुकूम आहे. हात बसला नसेल तर बसव, सहा महिने आहेत, आणि मग इकडे ये.

कारण मी हिशेबी माणूस आहे, पुढचं ठरवून ठेवतो. अण्णांसारखं माझं झालंच, आणि एखाद्या दिवशी तू समोर आलीस आणि मी ओळखलं नाही, तर रडू नकोस. नाव सांगत बसू नकोस, नातं समजावू नकोस. नुसतं बस आणि ते वाजव. कोण वाजवतंय ते मी सांगीन, आणि आता बरोबर सांगीन.

तुझा
दादा